थांबता येते तोवर

काटई-बदलापूर रस्ता आणि कल्याणहून मलंगगडाकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात तो नेवाळी नाका. नाक्यालगतच्या माळावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी विमानांसाठी धावपट्टी बांधली. त्याच धामधुमीत पलीकडे कल्याण कॅम्प वसला, युद्ध संपल्यावर तिथे सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली, 1949 मध्ये त्याचे उल्हासनगर झाले, आणि तिथले पत्ते आजही कॅम्प नंबरानेच सांगितले जातात. नेवाळीची धावपट्टी मात्र विमानांच्या कामी फार काळ आली नाही. तिच्यासाठी घेतलेल्या जमिनीचा वाद शेतकरी अजून लढत आहेत. 22 जून 2017 च्या आंदोलनाने तो राज्यभर पोहोचला. तो विषय मोठा आहे आणि या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचा आहे. इथे नेवाळीची आठवण काढली ती नाक्यावर रोज दिसणाऱ्या एका दृश्यासाठी. अंबरनाथच्या एमआयडीसीकडे निघालेला लांब ट्रेलर नाक्यावर वळतो तेव्हा ड्रायव्हर केबिन आधी सरळ पुढे काढतो, वळायची जागा हुकली असे बघणाऱ्याला वाटेपर्यंत पुढे काढतो, आणि मग एकदम वळवतो. मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतून काटून येतात, हे त्याला माहीत असते. क्लीनर खाली उतरलेला असतो. तो बॉडीवर थाप मारत “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत राहतो आणि मध्येच “बास!” म्हणतो. त्या ‘बास’वर ड्रायव्हर का, कशाला, असे विचारत नाही. आधी ब्रेक दाबतो. पुढच्या पानांत जे आहे ते या दृश्याचेच फार मोठे, फार महागडे आणि काही बाबतीत फार धोकादायक रूप आहे.

विमान उभे असते त्या जागेपासून धावपट्टीपर्यंत, आणि उतरल्यावर धावपट्टीपासून पुन्हा त्या जागेपर्यंत, स्वतःच्या चाकांवर चालत जाते त्याला टॅक्सी करणे म्हणतात. ज्या वाटेने ते जाते तो टॅक्सीवे. मुंबईकराच्या डोक्यात टॅक्सी म्हटले की काळी-पिवळी येते, आणि गंमत अशी की टॅक्सीवेचे रंगही तेच आहेत: काळ्या डांबरावर पिवळी रेघ, आणि तुम्ही आत्ता कोणत्या टॅक्सीवेवर आहात ते सांगणारी पाटीही काळी, तिच्यावर पिवळे अक्षर. मोठे विमान म्हणजे किती मोठे, हे समजायला लोकलचे डबे बरे पडतात. आपल्या लोकलचा एक डबा सुमारे वीस-एकवीस मीटर लांब असतो. बोइंग 777-300 ईआर हे मुंबईहून लांबच्या देशांना जाणारे नेहमीचे विमान 73.9 मीटर लांब आहे, म्हणजे साडेतीन डबे. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 64.8 मीटर, म्हणजे तीन डबे आडवे. नाकाखालचे चाक आणि पोटाखालची मुख्य चाके यांत 31 मीटरचे अंतर, दीड डबा. एअरबस ए-380 चे पंख 79.8 मीटरचे आहेत. आणि हे सगळे ज्यावरून जायचे तो टॅक्सीवे साधारण 23 मीटर रुंद असतो. बदलापूरच्या फलाटावर उभे राहून मनातल्या मनात ही मापे मांडून बघावीत; आकड्यांनी जे कळत नाही ते तिथे कळते.

या पुस्तकाचा आणि या प्रस्तावनेचाही मुद्दा एकच आहे. उड्डाणाच्या सगळ्या टप्प्यांत टॅक्सी हा असा टप्पा आहे, जिथे विमान थांबू शकते. हवेत शंका आली तर शंका सोबत घेऊन उडत राहावे लागते. इंधन जळत असते, वेग कमी करण्याला मर्यादा असते. जमिनीवर शंका आली तर ब्रेक लावून उभे राहता येते आणि रेडिओवर विचारता येते. ही सवलत इतकी मोठी आहे की जमिनीवर मोठा अपघात होणेच खरे तर अशक्य वाटावे. तरी विमानवाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात हवेत झालेला नाही, जमिनीवर झालेला आहे. तेव्हा प्रश्न वैमानिकाच्या हाताच्या सफाईपुरता नाही. थांबण्याची सोय असताना माणसे थांबत का नाहीत, आणि विमानतळाची रचना, रंग, दिवे, भाषा, वेळापत्रक हे सगळे त्यांना थांबायला मदत करते की थांबू नका म्हणून ढकलते, हा खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की टॅक्सीची सुरक्षितता म्हणजे थांबण्याचा हक्क शाबूत ठेवणे. बाकीचे सारे तंत्र त्या हक्काच्या चाकरीत आहे.

आधी विमानाच्या देहाकडे पाहू, कारण शंका तिथूनच सुरू व्हायला हवी. मोठ्या विमानाचा वैमानिक नाकाखालच्या चाकाच्याही पुढे बसलेला असतो. 777 मध्ये ते चाक त्याच्या मागे साडेतीन-चार मीटरवर असते. म्हणून वळणावर पिवळी रेघ त्याच्या पायाखालून निघून जाते, खिडकीबाहेर गवत दिसू लागते, आणि तरीही त्याने सरळच जायचे असते. चाक वळणाच्या जागी आले की मग टिलर, म्हणजे हाताशी असलेली छोटी मूठ, फिरवायची. नेवाळीचा ट्रेलरवाला करतो तेच. फरक असा की ट्रेलरवाल्याला आरशात आपली मागची चाके दिसतात. 777 च्या मुख्य चाकांची एकूण रुंदी जवळपास 13 मीटर. ती 23 मीटरच्या पट्ट्यावर बरोबर मध्ये असली तरी दोन्ही बाजूंना पाचेक मीटरच उरतात, आणि वळणावर त्यातलेही आतल्या बाजूचे खाल्ले जातात. म्हणून वळणांवर डांबर जास्तीचे टाकलेले असते, आणि 777 ची मागची काही चाके थोडी वळूही शकतात. मुख्य चाके डांबर सोडून मातीत गेली की साडेतीनशे टनांचे धूड तिथेच रुतते. 2011 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मुसळधार पावसात टर्किश एअरलाइन्सचे एअरबस ए-340 मुख्य धावपट्टीवर उतरून बाहेर वळताना असेच कडेच्या चिखलात रुतले होते. आपल्याकडच्या पावसात रात्री डांबरावर पाण्याचा पातळ थर साचतो, त्यात दिव्यांची प्रतिबिंबे पडतात आणि पिवळी रेघ हरवते, हे कुठल्याही कोकणी चालकाला समजावून सांगावे लागणार नाही.

पंखांची गोष्ट याहून अवघड. 747, 777, ए-380 यांसारख्या विमानांत वैमानिकाला आपल्या आसनावरून आपल्याच पंखाचे टोक दिसत नाही. पंख मागे झुकलेले असतात, त्यामुळे विमान वळते तेव्हा बाहेरच्या पंखाचे टोक सरळ चालतानाच्या वाटेपेक्षा बाहेर जाते. समोरून मोकळी वाटणारी जागा वळता वळता कमी पडते ती अशी. 11 एप्रिल 2011 रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एअर फ्रान्सच्या ए-380 चे पंख एका छोट्या प्रवासी विमानाच्या शेपटाला लागले आणि ते छोटे विमान जागच्या जागी गर्रकन फिरले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढच्याच वर्षी शिफारस केली की मोठ्या विमानांच्या पंखटोकांजवळचे दाखवणारी साधने, उदाहरणार्थ कॅमेरे, कॉकपिटमध्ये असावीत. त्यातच वेगाचा भास. वैमानिकाची नजर जमिनीपासून दोन मजली घराच्या उंचीवर असते. इतक्या वरून ताशी चाळीस किलोमीटरचा वेग रांगण्यासारखा वाटतो. म्हणून सरळ वाटेवर साधारण 20 नॉट म्हणजे ताशी 37 किलोमीटर, आणि वळणावर 10 नॉटच्या आत, असा दंडक पाळायचा तो डोळ्यांवर विसंबून नव्हे, समोरच्या आकड्याकडे बघून. थोडक्यात, ज्याच्या हातात विमान आहे त्याला ते कुठून कुठपर्यंत पसरले आहे ते दिसत नाही आणि किती जोरात चालले आहे ते जाणवत नाही. अशा माणसाला बाहेरून ‘बास’ म्हणणारे कुणी लागते.

ते कुणी म्हणजे कोण, हे पुशबॅकच्या वेळी नीट पाहायला मिळते. विमान स्वतः मागे जात नाही. टग नावाचे बसके, वजनदार ट्रॅक्टर त्याला ढकलते. ढकलताना नाकाखालचे चाक टगच्या मर्जीने वळायला हवे, म्हणून त्याच्या स्टिअरिंगची यंत्रणा तेवढ्यापुरती मोकळी करतात, आणि त्यासाठी चाकाच्या दांड्यात एक पिन घालतात. बोटाएवढी पिन, तिला लाल रिबीन. ढकलणे संपले, वैमानिकाने पार्किंग ब्रेक लावला, टगला विमानाशी जोडणारा टोबार सुटला, की खालचा माणूस ती पिन काढतो, हेडसेटची वायर गुंडाळतो, बाजूला वैमानिकाला दिसेल अशा जागी जाऊन उभा राहतो आणि पिन हातात धरून रिबीन दाखवतो. वैमानिक हात हलवून उत्तर देतो. तोपर्यंत विमानाने पुढे सरकायचे नाही. या दोन-तीन मिनिटांत साडेतीनशे टनांचा आणि तीनशे-साडेतीनशे माणसांचा मालक जर कुणी असेल तर तो पिन धरून उभा असलेला कामगार. 16 डिसेंबर 2015 च्या रात्री मुंबई विमानतळावर हाच क्रम चुकला. खाली माणसे असतानाच विमान पुढे निघाले आणि एक तंत्रज्ञ चालू इंजिनात खेचला जाऊन मरण पावला. लाल रिबीन ही शोभेची वस्तू नाही, हे त्या रात्रीनंतर कुणाला वेगळे शिकवायला नको.

आता त्या सर्वांत भीषण अपघाताकडे. 27 मार्च 1977, कॅनरी बेटांवरचे टेनेरिफ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्याने तिकडची विमाने या छोट्या विमानतळावर वळवली होती. टॅक्सीवेवर विमाने दाटीवाटीने उभी, म्हणून दोन 747 विमानांना धावपट्टीवरूनच उलटे चालत टोकाला जायला सांगितले. धुके इतके की टॉवरला धावपट्टी दिसत नव्हती. मागून येणाऱ्या पॅन अ‍ॅमच्या विमानाला तिसऱ्या फाट्यावरून बाहेर पडायला सांगितले होते. तो फाटा असा तिरका होता की 747 ला आधी जवळपास मागे वळावे लागले असते आणि लगेच तितकेच पुन्हा दुसऱ्या बाजूला. एवढे मोठे विमान तिथे वळेल का, हा प्रश्न हुकूम देणाऱ्याच्या मनात आला नाही. आणि पॅन अ‍ॅमचे वैमानिक तो फाटा ओलांडून सोयीच्या चौथ्याकडे निघाले. दरम्यान टोकाला पोहोचलेल्या केएलएमच्या विमानाने परवानगीविना धाव सुरू केली. त्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले होते, ते दुसरे विमान बाहेर पडले नाही का? कॅप्टनने ठामपणे सांगितले की पडले. 583 माणसे मेली. या अपघातावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि बहुतेक लिखाण केएलएमच्या कॅप्टनच्या घाईवर थांबते. मला त्यातल्या दोन शंका जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, तिसऱ्या फाट्याची, जी कुणी मोठ्याने उच्चारली नाही. दुसरी, इंजिनिअरची, जी उच्चारली गेली पण जिला ब्रेक लावण्याइतके वजन नव्हते.

मिलानच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 च्या सकाळी असेच दाट धुके होते. एका छोट्या सेसना जेटला आर-5 या वाटेने उत्तरेकडून जायचे होते. ते आर-6 ने निघाले, जी थेट मुख्य धावपट्टीला छेदते. वाटांवरची चिन्हे झिजलेली आणि नियमांना सोडून होती. जुने जमिनीवरचे रडार बंद पडलेले, नवे अजून बसवलेले नव्हते. चालता चालता सेसनाच्या वैमानिकाने आपण ‘एस-4’ पाशी आहोत असे कळवले. हे चिन्ह डांबरावर रंगवलेले होते खरे, पण नकाशात नव्हते, आणि नियंत्रकाला ते कुठे आहे ते ठाऊक नव्हते. इथे सगळे थांबायला हवे होते: नियंत्रकाने विचारायला हवे होते की एस-4 म्हणजे कुठे. तसे झाले नाही. सेसना लाल दिव्यांची रांग ओलांडून धावपट्टीवर गेले आणि उड्डाणासाठी धावत आलेले एसएएसचे एमडी-87 त्याच्यावर आदळून पुढच्या सामानघरात घुसले. 118 मृतांमध्ये चार जण त्या सामानघरात काम करणारे कामगार होते. दोन्ही विमानांशी त्यांचा काही संबंध नव्हता. झिजलेल्या रंगाची किंमत कोण मोजतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येतो की हे अपघात धुक्यातले, पंचवीस-पन्नास वर्षांपूर्वीचे, आणि टक्कर झाली ती उड्डाणाच्या वेगामुळे. रोजच्या टॅक्सीत फार तर पंखाला पंख घासतो. यात तथ्य आहे. 27 मार्च 2024 ला कोलकात्यात टॅक्सी करणाऱ्या इंडिगोच्या विमानाचा पंख उभ्या असलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या पंखाला लागला, कुणाला इजा झाली नाही. त्याच वर्षी 16 मे रोजी पुण्यात लोहगावला दिल्लीकडे निघालेले विमान टॅक्सी करताना टगला धडकले, तिथेही सगळे सुखरूप. पण ‘फार तर घासतो’ म्हणताना साडेतीनशे टन वजन विसरले जाते. पूर्ण भरलेले 777 ताशी 37 किलोमीटरने चालते तेव्हा त्याच्यात जितकी ऊर्जा असते तितकी वीस टनांच्या ट्रकमध्ये यायला तो ट्रक ताशी दीडशेहून जास्त वेगाने धावायला हवा. गणित साधे आहे, वाचकाने करून पाहावे. पंखांत इंधन असते, पोटाखाली माणसे काम करत असतात. आणि मुख्य म्हणजे पुण्याची घटना व टेनेरिफ यांच्यामागे चूक वेगळ्या जातीची नाही. जागा मोकळी आहे असे गृहीत धरले गेले. निकाल वेगळा लागला तो धुक्यामुळे, गर्दीमुळे, त्या दिवसाच्या नशिबामुळे. नशिबावर चालणाऱ्या गोष्टीला सुरक्षित म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो माझ्याच मुद्द्यावर घाव घालतो. शंका आली की थांबा, हे ठीक. पण शंका आलीच नाही तर? 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर हेच झाले. आदल्या दिवशीच्या भूकंपग्रस्तांना मदत नेणारे तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीच्या अलीकडे थांबायचे, ते धावपट्टीवर गेले आणि चाळीसेक सेकंद तिथे उभे राहिले. तुमचा क्रमांक पहिला, असे त्यांना सांगितले होते. त्याचा अर्थ त्यांनी परवानगी असा घेतला. वैमानिकाला शंका नव्हती. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा उमटत होता, तो कुणाच्या लक्षात आला नाही. जपान एअरलाइन्सचे ए-350 त्याच्यावर उतरले. त्या विमानातले 379 जण वाचले, तटरक्षक दलाचे पाच जण गेले. हानेदा माझ्या सूत्रात सहजासहजी बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातूनच सूत्र नेमके होते. परवानगीचे शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवण्याची रीत, दोन अखंड आणि दोन तुटक पिवळ्या रेघा, लाल पाट्या, लाल दिव्यांची आडवी रांग, टॉवरमधला रडारचा पडदा, या सर्वांचे काम एकच: ज्याला शंका येत नाही त्याला ती वेळेवर आणून देणे. यंत्र थांबवत नाही, थांबावे असे माणसाला वाटायला लावते. मुंबईच्या 2013 मध्ये उद्घाटन झालेल्या 83.8 मीटर उंच टॉवरवरून सगळे टॅक्सीवे दिसतात. तरी मुसळधार पावसात त्या उंचीचा काही उपयोग नसतो आणि पडद्याचाच आधार उरतो. त्या पडद्यावर इशारा उमटल्यावर कुणी पाहिले पाहिजे, ही अट काही सुटत नाही. यंत्रे आली की माणूस सुटतो, हा समज हानेदाने खोडला आहे.

तिसरा आक्षेप मुंबईचा आहे आणि तो रोजचा आहे. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाची एकच. दिवसाला नऊशेच्या आसपास उड्डाणे-अवतरणे. प्रत्येक वैमानिक शंका आली की थांबू लागला तर मागची रांग मरोळपर्यंत जाईल, असे चेष्टेत म्हणता येईल. उत्तर असे की हिशेब चुकीच्या टोकाने मांडला जातो आहे. जिथे एक विमान दोन मिनिटे थांबल्याने सगळे कोलमडते तिथे विमाने जास्त आहेत, थांबणे जास्त नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रीय विमानवाहतूक मंत्रालयाने मुंबईत सर्वाधिक गर्दीच्या तासांतली वाहतूक 46 वरून 44 वर आणायला लावली, ती विमाने आकाशात घिरट्या घालत राहतात म्हणून. ताशी दोन विमाने ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्या सवडीत जमिनीवरच्या कुणाला तरी ‘थांबा, एकदा पुन्हा सांगा’ म्हणायला जागा मिळते. कल्याण-कर्जत मार्गावर लोकल दोन मिनिटे सिग्नलला थांबली की शिव्या घालणारे आपणच असतो. लाल सिग्नल मोटरमनचा शत्रू नसतो हे आपल्यालाही पटायला वेळच लागतो.

चौथे म्हणणे आक्षेपापेक्षा आशेच्या जातीचे आहे. आता नवी मुंबई विमानतळ झाला: 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन, 25 डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक. 3,700 मीटरची धावपट्टी, पुढे 1,550 मीटर अंतरावर दुसरी समांतर, आणि टर्मिनल दोहोंच्या मध्ये, म्हणजे एक धावपट्टी ओलांडून दुसरीकडे जायची गरज कमी. आराखडा चांगला आहे यात शंका नाही. पण दुसरी धावपट्टी बांधली जाईल ती पहिलीवरची वाहतूक चालू असताना, आणि चालू विमानतळावरचे बांधकाम काय करू शकते ते तैपेईने दाखवले आहे. 31 ऑक्टोबर 2000 च्या रात्री वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचे 747 तिथे टॅक्सी करत निघाले. जायचे होते डावीकडच्या धावपट्टीवर. हिरव्या दिव्यांमागून वळत ते उजवीकडच्या, बांधकामासाठी बंद असलेल्या धावपट्टीवर गेले. धावपट्टीशी जुळल्यावर जे उपकरण जागे व्हायला हवे होते ते झाले नाही, हे कॉकपिटमध्ये लक्षातही आले. पण समोरचे दिसते आहे, मग त्याची काय गरज, असे म्हणून ते पुढे निघाले. बांधकामाच्या यंत्रांवर आदळून 83 जण मेले. पुन्हा तेच: शंका आली होती, विमान जमिनीवर होते, ब्रेक हाताशी होता.

हे पुस्तक मराठीत, आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या वाचकासमोर का ठेवायचे, हे आता सांगता येईल. वैमानिकांसाठी इंग्रजीत जाडजूड ग्रंथ आहेत. टग चालवणारा, हातातल्या दांड्या हलवून विमानाला वाट दाखवणारा मार्शलर, पंखाच्या टोकाशी चालत जाणारा, रात्री दोन वाजता पिवळी रेघ पुन्हा रंगवणारा, सामानाच्या ट्रॉल्या ओढणारा, यांच्यासाठी मराठीत मला तरी काही सापडले नाही. या कामांना माणसे पुरवणाऱ्या वस्त्या आपल्याच आहेत, आणि नवा विमानतळ डोंगरापलीकडे आला आहे. बदलापूरजवळच्या बेंडशीळपासून पनवेलकडच्या मोरब्यापर्यंत माथेरानच्या डोंगरातून काढलेला चार किलोमीटरचा बोगदा ते अंतर आणखी कमी करील. या मुलांना प्रशिक्षणात इंग्रजी शब्द पाठ करायला लावतात, आणि ते लावावेच. रेडिओवर दुसरी भाषा चालणार नाही. पण शब्द पाठ होणे निराळे आणि कॅप्टनच्या विमानाला हात वर करून थांबवायची हिंमत असणे निराळे. ती हिंमत आपण का थांबवतो आहोत हे आपल्या भाषेत समजल्याशिवाय येत नाही. उल्हासनगरच्या कारखान्यात किंवा अंबरनाथच्या आयुध निर्माणीत काम केलेल्यांना हे पटेल: यंत्राजवळ जो लाल बटण दाबतो त्याला मुकादमाने झापले, की पुढच्या वेळी बटण उशिरा दाबले जाते. विमानतळावरचा मुकादम, कंत्राटदार, विमान कंपनीचा ड्यूटी मॅनेजर, यांनी हे पुस्तक कामगारांच्या आधी वाचावे अशी माझी विनंती आहे, कारण थांबवणाऱ्याला त्या दिवशी काय ऐकावे लागते यावर पुढच्या दिवशीची सुरक्षितता ठरते. विनाकारण थांबवले गेलेले विमान पाच मिनिटे उशिरा जाईल. ते बिल भरायला परवडते.

पुस्तकात काही ठिकाणी रेघा, दिवे आणि पाट्या यांची वर्णने लागोपाठ येतात आणि कंटाळवाणी वाटतात. ती गाळू नयेत, दोनदा वाचावीत. वळणांचे प्रकरण मात्र नुसते वाचून कळणार नाही. जवळ कागद, पेन्सिल आणि पट्टी ठेवा, एका मीटरला दोन मिलिमीटर या प्रमाणात 23 मीटरचा टॅक्सीवे काढा, आणि 31 मीटर अंतरावरची दोन चाके त्या वळणावरून स्वतः फिरवून बघा. कागद पुरला नाही तर नेवाळी नाक्यावर सकाळच्या पाळीच्या वेळी अर्धा तास उभे राहिलात तरी चालेल.